पाहुण्याची वाटी

“आणि घरी तुम्हाला पाहुणा म्हणायचे, बरोबर ना?” शिनारनं फोनवर हे विचारलं तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो. माझ्याबरोबर वरच्या मजल्यावरची बाई होती, कुत्र्याला फिरवायला निघालेली, आणि नेहमीप्रमाणे ती माझ्याकडे न बघता आरशातल्या माझ्याकडे बघत होती. शिनार म्हणजे ‘चहाला या’ या कार्यक्रमाची सहायक. गेला आठवडाभर ती फोन करकरून हे ते विचारत होती. जन्म कुठला, शाळा कुठली, पहिलं काम कोणतं, खायला काय आवडतं. असली उत्तरं मी झोपेतसुद्धा देतो. जन्म बेसकुदुकचा, कराताल नदीच्या काठी, वडील मेंढपाळ, खायला आईच्या हातचे बाउरसाक. लोकांना तळलेल्या पिठाचा उल्लेख आला की बरं वाटतं. पण ‘पाहुणा’ हा शब्द मी आजपर्यंत एकाही मुलाखतीत काढलेला नाही. बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. “हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं. “असंच हो, कुठेतरी वाचलं असेल.” “कुठे वाचलं?” “आगा, आता नेमकं नाही आठवत,” ती, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं आगा लावून, म्हणाली आणि घाईघाईनं हसली. ज्या माणसाला खरंच आठवत नसतं तो असं हसत नाही. लिफ्ट खाली आली. बाई बाहेर पडली, आणि दार मिटता मिटता मागे वळून माझ्याच आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही दार चुकलात!” कुत्रंही थांबलं. मी दाद दिल्यासारखं हसलो. गेली चार वर्षं मी असाच हसतो आहे.

ते वाक्य ‘दूरची चूल’मधलं. मालिका तुम्ही पाहिली नसेल, पण अल्माटीत एखादा टॅक्सीवाला दाखवा ज्यानं ते मला ऐकवलेलं नाही. त्यात मी तेमिर आहे. लहानपणी आई टाकून गेलेला, मोठा होऊन मोठा साहेब झालेला. मग एक दिवस म्हातारी आई दारात येऊन उभी राहते आणि तेमिर तिला म्हणतो, बाई, तुम्ही दार चुकलात, आणि दार लावून घेतो. अख्खा देश त्या दिवशी रडला म्हणतात. तेव्हापासून ती बाई वर्षातून दोन-तीनदा तरी दारात येतेच, लेखकांना काही सुचेनासं झालं की. आणि मी दार लावतो. बाजारात बायका माझा दंड धरून म्हणतात, “आईशी असं बोलतोस होय रे मेल्या? जीभ झडेल!” आणि मग पिशवीत सफरचंदं कोंबतात. आधी शिवी, मग सफरचंद. यातलं खरं काय, हे मला अजून कळलेलं नाही. ही माया माझ्यावर की तेमिरवर? आणि तेमिरवर असेल तर सफरचंदं मी का खायची?

गाडीत बसलो, पण चावी फिरवली नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या नावानं मला हाक मारणारं माणूस या जगात एकच होतं आणि ते बेसकुदुकमध्ये होतं. म्हणजे हे लोक तिथवर जाऊन आले होते. म्हणजे वहिनीच्या समोर कॅमेरा लावला होता, आणि ती काहीतरी बोलली होती. काय बोलली असेल? ती बोलते का मुळात? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा, आणि मग काही केल्या गप्प बसेना.

मी वहिनी म्हणतो. ती माझी आई. यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्याकडे घरोघरी असंच असतं. पहिलं मूल आजी-आजोबांचं. दूध तुटलं की ते मोठ्या घरात त्यांच्या कुशीत झोपायला जातं, त्यांना आई-बाप म्हणतं, आणि ज्यांनी जन्म दिला ते होतात दादा आणि वहिनी. आजीला मी आपा म्हणायचो. आपाच माझी आई. गावात माझ्यासारखी पुष्कळ पोरं होती, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, मलाही नसतं वाटलं. पण शेजारच्या ओताराची जन्माची आई त्याला कुंपणाआड गाठून मुके घ्यायची, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. आमची वहिनी कधी म्हणून कुंपणाआड आली नाही. माझ्यानंतर तिला आइमान झाली, मग एक मुलगा. ती दोघं तिच्या मांडीवर, तिच्या पाठीवर, तिच्या ओढणीच्या टोकाला लोंबकळत. त्यांना ती नावानं हाक मारायची, ओरडायची, रट्टे द्यायची. मला एक रट्टा नाही. रट्ट्यासाठी मी किती खोड्या काढल्या! एकदा तिच्या धुतलेल्या चादरीवर कोकरू सोडलं. तिनं कोकरू उचलून बाहेर नेलं आणि मला विचारलं, भूक लागली का?

आणि नाव. सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही. सासरा, सासू, दीर, नणंद, सगळ्यांना ती आपली आपण नावं पाडते, आणि मी तर आता तिचा धाकटा दीर. म्हणजे सिरिम हे माझं नाव तिच्या तोंडाला कायमचं बंद. दुसऱ्या घरच्या सुना धाकट्या दिरांची काय एकेक नावं पाडायच्या! कोणी राजकुमार म्हणायची, कोणी घोडेस्वार, एकीनं तर शेंबड्या दिराला चंद्र नाव दिलं होतं. आमच्या वहिनीनं मला नाव दिलं कोनाक, पाहुणा. “पाहुणा आला का शाळेतून?” “पाहुण्याचे बूट ओले झालेत, चुलीशी ठेवा.” सगळे हसायचे. मीही हसायचो. पण मी लहानपणापासून शब्द चघळत बसणारा. रात्री आपाच्या पाठीला पाठ लावून पडलो की विचार करायचो, पाहुणा म्हणजे कोण? जो आपला नसतो तो. जो येतो आणि जातो. घरच्या माणसाला कोणी पाहुणा म्हणेल का? ओतारा एकदा भांडणात म्हणालाच, “तुझी वहिनी तर तू कधी जातोस याची वाट बघते!” मी त्याचा दात पाडला. दात पाडला म्हणजे मला ते पटलेलं होतं.

माझ्या नशिबात टीव्ही आला तोही अर्धाच. दादानं खनिजं शोधत आलेल्या एका भूगर्भवाल्याकडून मेंढ्याच्या बदल्यात आणलेला, चित्र ठणठणीत आणि आवाज नाही. गावात वीज असायची त्या संध्याकाळी आपा आणि तिच्या मैत्रिणी गाद्यांवर रांगेनं बसायच्या, पडद्यावर कुठल्या तरी परदेशातली श्रीमंत माणसं रडायची, तोंडं हलवायची, आणि ऐकू काहीच यायचं नाही. “काय म्हणतेय गं ती?” “काय की बाई.” एक दिवस मी टीव्हीशेजारी उभा राहिलो आणि बोलायला लागलो. बायकांचं पातळ आवाजात, पुरुषांचं छातीतून. श्रीमंत बाई नवऱ्याला म्हणाली, माझ्या मेंढ्या परत दे. नवरा म्हणाला, तुझ्या भावानं खाल्ल्या. म्हाताऱ्या हसून हसून आडव्या. पुढे पुढे तर दुसऱ्या वाडीच्या बायकाही यायला लागल्या, ज्यांच्या घरी चांगला बोलता टीव्ही होता त्यासुद्धा. माझ्या आयुष्यातले तेच पहिले प्रेक्षक, आणि खरं सांगतो, तेवढे चांगले परत मिळाले नाहीत. पण मी बोलायचो स्वयंपाकघराच्या दाराकडे. वहिनी तिथं चौकटीला टेकून उभी असायची, सून ना ती, पुढे येऊन कशी बसणार. ओढणीचं टोक तोंडात कोंबून ती हसायची. ती हसली की मला कळायचं, तिकडे मान न वळवताही कळायचं. अजून मी तसाच काम करतो. कॅमेरा समोर असतो आणि माझं लक्ष उजवीकडे, जिथं दार असतं.

मग चहा. समोवारशेजारी वहिनी, तिच्याभोवती वाट्या. आमच्याकडे चहा भरून देत नाहीत. तळाशी घोटभर ओतायचा, तो संपला की पुन्हा घोटभर, पुन्हा. जितका कमी तितका मान. माणूस बसून राहावा म्हणून. आणि वाटी काठोकाठ भरून दिली की समजायचं, प्या आणि उठा. हे पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. वहिनी पहिली वाटी नेहमी माझ्याकडे सरकवायची. आपा करवादायची, “अगं, मी म्हातारी बसलेय समोर, हे पोर काय पळून चाललंय?” वहिनी मान खाली घालून म्हणायची, “आपा, पाहुणा आहे ना तो.” मग आपा हसायची, मैत्रिणी हसायच्या, आणि माझे कान लाल व्हायचे. सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगते, मी म्हणायचो मनात. विसरू देत नाही.

आता हे सगळं गाडीत बसून आठवायचं काय कारण होतं? घरी परत गेलो. राउशान, म्हणजे माझी बायको, बाल्कनीत गाद्या वाळत घालत होती. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या, मखमली गाद्या. “या कशाला काढल्यास?” “ऊन आहे म्हणून.” “काल नव्हतं?” तिनं चिमटे तोंडातून काढले. “सिरिम, तुला गादीतसुद्धा कट दिसतो. एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखव.” “बेसकुदुकला फोन केला होतास?” “मी? मला काय माहीत तुमच्या घरचं. तू सांगतोस का कधी काही?” हे खरं होतं, आणि खरं बोलून तिनं विषय चुकवला होता. संध्याकाळी मी आइमानला फोन लावला. लागला नाही. बेसकुदुकमध्ये फोन न लागणं ही रोजची गोष्ट, पण त्या दिवशी मला तेही ठरवून केल्यासारखं वाटलं.

लोक विचारतात, तुम्हाला पहिली संधी कशी मिळाली. मी सांगतो, कष्ट, गुरूंचे आशीर्वाद. खरी गोष्ट वाटीची आहे, ती कशी सांगणार? शहरातल्या नाट्यसंस्थेत माझी निवड झाल्याचं कळलं आणि आपानं अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “जा, मला पुरून जा.” आजोबा तोवर गेले होते. दादा कोणाच्या अध्यात ना मध्यात, तो कुंपण दुरुस्त करत बसला. मीही ठरवलं, नाही जायचं. भरलेली पिशवी सोडली, कपडे खुंटीला परत अडकवले. मला खरं तर हायसंच वाटलं होतं, शहराला मी घाबरत होतो. चहाला बसलो. वहिनीनं वाटी घेतली, ओतायला लागली, आणि ओततच राहिली. काठापर्यंत. काठावरून एक थेंब बशीत उतरला. तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं नाही. आपाची पाठ होती, आइमान बाहेर होती, बघणारा मी एकटा. जीभ पोळली तरी एका दमात प्यालो. उठलो, खुंटीवरचे कपडे कोंबले आणि बस पकडली. रस्ताभर मी रडलो नाही. मी म्हणत होतो, बघा, मला माहीतच होतं.

शहरात आवाजावर पोट भरलं. परदेशी मालिकांना आमच्या भाषेत बोलतं करायचं काम, एकच माणूस सगळ्या पुरुषांचं बोलायचा, एकच बाई सगळ्या बायकांचं. तेच ते, टीव्हीशेजारी उभं राहून मेंढ्या परत मागणं, फक्त बंद खोलीत, आणि हसायला कोणी नाही. मग ‘दूरची चूल’साठी बोलावलं. दिग्दर्शकानं कागद वगैरे काही दिलं नाही. म्हणाला, “वीस वर्षांनी आई दारात आलीय. तू काय म्हणशील?” माझ्या आधीची पोरं रडली होती, ओरडली होती. मला बशीत उतरलेला तो थेंब दिसला. मी अगदी हळू, पाहुण्याशी बोलतात तसं, म्हणालो, “बाई, तुम्ही दार चुकलात.” दिग्दर्शकानं ते तसंच लिहून घेतलं. म्हणजे ते वाक्य लेखकाचं नाही, माझं आहे. ज्या वाक्यानं मला घर, गाडी आणि लिफ्टमधलं कुत्रं दिलं, ते वहिनीला उद्देशून बोललेलं आहे आणि हे मला सोडून कोणालाही ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो. आपा गेली तेव्हा गावी गेलो होतो. वहिनीनं चहा पुढे केला तर मी उभ्यानं दोन घोट घेऊन निघालो. म्हटलं, भरायचा त्रास कशाला. आइमान मधूनमधून सांगते, “रोज बघते हां ती तुझी मालिका.” “काही म्हणते का?” “काही नाही. तू दार लावलंस की उठते आणि चहा ठेवते.”

‘चहाला या’चं चित्रीकरण दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. जाताना मी ठरवून टाकलं होतं. यांनी तिला आणलंच असेल, तर ते वाक्य म्हणेन. एरवी भाड्यानं आणलेल्या नट्यांना म्हणतो, आज खरीला म्हणेन. सगळ्या देशाला वाटेल गंमत चाललीय, आणि तिला कळेल. तिला कळायला हवं होतं. इतकी वर्षं नुसतं मला कळून काय उपयोग? स्टुडिओत बुटकं गोल मेज, विजेवरचा समोवार, आणि मागे खिडकीत रंगवलेले डोंगर. चहाच्या वाट्या आधीच भरून ठेवल्या होत्या, काठोकाठ, कॅमेऱ्यात चहा दिसला पाहिजे म्हणून. मी त्या बघितल्या आणि मनात म्हटलं, शाब्बास, याहून चांगलं स्वागत नको. कुआनिश, म्हणजे कार्यक्रमाचा निवेदक, माझ्या कानाशी आला. सेंटचा घमघमाट. “आगा, एक छोटीशी गंमत. दार उघडलं की तुमचं ते वाक्य टाकायचं. कोण येतंय ते विचारू नका हं!” “विचारत नाही,” मी म्हटलं. “वा! असं पाहिजे.” त्याला वाटलं मी खिलाडूपणा दाखवला.

पाऊण तास मी बालपण सांगितलं. नदी, मेंढ्या, बाउरसाक. प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत राउशान बसली होती, ती घरून माझ्याबरोबर आली नव्हती. माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. गाद्यांचा उलगडा झाला. मग दिवे मंद झाले, ढोलासारखं काहीतरी वाजलं आणि उजवीकडचं दार उघडलं. उजवीकडचंच. वहिनी उंबरठ्यावर उभी होती. माझ्या मनात होती त्याहून कितीतरी बुटकी. डोक्याला पांढरा रुमाल, नवीन मखमली जाकीट, कोणीतरी ओठांना लावलेला रंग तिनं पुसला होता तो गालावर थोडा आला होता. दिव्यांनी तिचे डोळे मिचमिचत होते, तिला मी दिसतही नसेन. कुआनिश मला हातानं खुणावत होता, बोला, बोला. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. इतक्या वेळा बोललेलं ते, त्याला माझी गरजच नव्हती, आपलं आपण बाहेर आलं असतं. आणि तेवढ्यात ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, “दार चुकलं नाही ना रे माझं, पाहुण्या?”

काय हशा झाला! लोक उभे राहिले. कुआनिश गुडघ्यावर थापा मारत होता. मी मात्र तिच्याकडे बघत होतो, डोळ्यांत तेल घालून. हे हिला पढवलंय. शिनारनं लिहून दिलंय. पण पढवलेला माणूस हशा आला की थांबतो, प्रेक्षकांकडे एक नजर टाकतो; मी हा धंदा करतो, मला कळतं. तिनं तिकडे बघितलंच नाही. ती सरळ मेजाशी आली, खाली बसली, आणि समोरच्या वाट्या बघून तिचा चेहराच बदलला. “अगं बाई! या कोणी भरल्या?” तिनं एका वाटीच्या काठावर बोट टेकवलं. “असा देतात का चहा? घरी बोलवायचं आणि हाकलायचं?” असं म्हणून तिनं माझ्यासमोरची वाटी उचलली आणि कुआनिशच्या समोर, देशासमोर, परत किटलीत ओतून टाकली. “काकू, काकू,” कुआनिश हसत म्हणाला, “वाट्या भरणारी पोरगी शहरातली आहे, माफ करा. मला सांगा, यांना तुम्ही पाहुणा का म्हणता?” “मग काय म्हणणार? नाव घ्यायची सोय आहे का?” “आता घ्या की! सासूबाई तर गेल्या.” “गेल्या म्हणून काय झालं? ऐकत नसतील कशावरून?” पुन्हा हशा. “पण पाहुणाच का? राजकुमार म्हणायचं, वाघ म्हणायचं!”

वहिनी किटली खालीवर करत होती. उत्तर तिनं कुआनिशला दिलं नाही, किटलीला दिलं. “राजकुमाराला काही पहिली वाटी देता येत नाही. दिराला आधी वाढलं असतं तर आपा म्हणाल्या असत्या, आमचं मूल आम्हाला देऊन परत ओढून घेतेय. त्यांचंही खरंच. दिलं ते दिलं. पण पाहुण्याला आधी वाढलं तर कोण काय बोलेल? मऊ तुकडा पाहुण्याचा, चुलीशी जागा पाहुण्याची. आपाही हसायच्या.” मग म्हणाली, “रट्टा तेवढा देता आला नाही. पाहुण्याला कसा देणार?”

कार्यक्रमात अशा वेळी निवेदक रुमाल काढतो. कुआनिशनं काढला. मी काय केलं? मी तपासत बसलो. एखादा जुना दागिना दाताखाली धरून बघतात तसं. तो ओले बूट चुलीशी ठेवायला सांगणारा आवाज, ते कोकरू, ती ‘आपा, पाहुणा आहे ना तो’ म्हणताना खाली घातलेली मान. मी लाल कान घेऊन बसायचो आणि ती तिथं, सगळ्यांच्या देखत, चोरी करत होती. माझ्यासाठी. मला हे खोटं ठरवायचं होतं, देवाशपथ, कारण खरं ठरलं तर इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवायचा? आणि मग एक गोष्ट हाताला लागली, जी कशातच बसत नव्हती. “आणि ती भरलेली?” मी म्हटलं. तेमिरच्या आवाजात नाही, माझ्या. तो किती बारीक आहे हे मला पुन्हा आठवलं. कुआनिशला कळेना मी कशाबद्दल बोलतोय. तिला कळलं. कोणती वाटी, कोणता दिवस, काही विचारलं नाही तिनं.

“पिशवी सोडून ठेवली होतीस तू,” ती म्हणाली. “कपडे खुंटीला होते. मी बघितलं ना. म्हटलं, आता हा राहिला. आपांसमोर तुला जा म्हणायची माझी काय टाप होती? जीभ नव्हती, वाटी होती.”

“मला वाटलं तू मला हाकललंस.”

“हाकललंच की.”

“मी उलटं समजलो.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाली. “नीट समजला असतास तर गेला नसतास.”

“मालिकेतलं ते...” मी म्हणालो आणि पुढे जमेना. “ते होय,” ती म्हणाली, “ते मला बोलतोस, हे पहिल्याच दिवशी कळलं.” “मग?” “मग काय. चांगलं बोलतोस.” तिनं गालावर आलेला तो रंग रुमालाच्या टोकानं पुसला. “सगळ्या गावात एवढं चांगलं कोणाला नाही जमलं.”

मी रडलो. सगळ्यांनी बघितलं, तुम्हीही कुठेतरी बघितलं असेल; ते पुन्हा पुन्हा दाखवतात. लोक म्हणतात काय अभिनय, आणि एक-दोघांनी मला विचारलंही की आधी किती तालीम केली होती. विचारणारच. मी असतो तर मीही विचारलं असतं. कुआनिशनं घाईघाईनं निरोपाचं बोलून घेतलं, दिवे एकेक करून मालवले, पोरं वायरी गुंडाळायला लागली, रंगवलेला डोंगर कोणीतरी उचलून नेला. राउशान लांब उभी राहिली, जवळ आली नाही. वहिनी जागची उठली नव्हती. तिनं माझी वाटी घेतली, तळाशी घोटभर ओतून पुढे सरकवली. मी प्यालो आणि वाटी परत पुढे केली. तिनं ओतला, मी प्यालो. शिनार येऊन म्हणाली, आगा, स्टुडिओ रिकामा करायचाय. मी ऐकलं नाही.

“अजून थोडा,” मी म्हटलं, आणि त्यापुढे वहिनी म्हणायचं राहून गेलं. दुसरंही काही म्हणता आलं नाही, त्या शब्दाची मला सवय नाही. पण तिनं ऐकलं. किटलीची तोटी वाटीवर धरून ती क्षणभर तशीच थांबली, आणि मग इतका कमी ओतला की वाटीचा तळ दिसत होता.